आयर्विनची पट्टी आणि दाजींचा मोबाईल

दाजींच्या परवानगीनं लिहितोय. त्यांच्या दोन अटी होत्या. नाव घालायचं नाही, आणि 'म्हाताऱ्याला मोबाईलचं वेड लागलं होतं' असं लिहायचं नाही. दुसरी अट पाळणं सोपं आहे, कारण वेड लागलेलंच नव्हतं. ते कळायला मला दोन महिने लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. वय ७१. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ३८ वर्षं दिवाणजी होते. घर गावभागात, गणपती मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. तळमजला, वर एक खोली आणि गच्ची. मुलगा पुण्यात. मी एका दैनिकात २६ वर्षं उपसंपादक होतो, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत गेली. म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात अक्काचा फोन आला. "तू बातम्यांतला माणूस. तुझ्या दाजींना तूच सांग. माझ्या सांगण्यानं काय व्हायचं नाही."

काय चाललं होतं

२२ एप्रिलला पहलगाम झालं. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर. तिथून चार दिवस दाजी खुर्चीतून उठले ते फक्त संडास-बाथरूमला. समोर टीव्ही, हातात मोबाईल, आणि टीव्हीवर जे चाललंय तेच मोबाईलवर आणखी जोरात. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या 'बातम्या' सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी अक्काला उठवून सांगितलं. सकाळी कळलं की तसलं काही झालेलंच नाही. १० मेच्या संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला. अक्काला वाटलं, सुटलो.

सुटलो कुठलं! त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. दाजींचं बोट युद्धावरून पाण्यावर आलं. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय तेव्हा पुन्हा तापला होता. त्यावरचे व्हिडिओ, त्याखालच्या शिव्या, शिव्यांना आलेली उत्तरं, सगळं ते वाचत. मग १२ जूनला अहमदाबादचं विमान पडलं. १५ जूनला मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल कोसळला. रात्री दोन, अडीच, तीन. सकाळी डोळे लाल. रक्तदाबाची गोळी कधी दोनदा, कधी नाहीच. जेवताना बोलायचे ते फक्त कोण मेलं आणि कुठं मेलं.

या सवयीला इंग्रजीत 'डूमस्क्रोलिंग' म्हणतात. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी शब्दकोशाच्या समितीनं तोच त्या वर्षाचा शब्द ठरवला होता. अक्काकडं याला जुना शब्द आहे. "कोंबडी कशी उकिरडा उकरते, तसं चाललंय. दाणा गावतोय का नाही, कोंबडीला तरी ठाऊक असतंय."

फसलेले उपाय

पहिला उपाय भाच्यानं केला. पुण्याहून आला, दाजींच्या फोनमधली तीन अॅप काढून टाकली, चौथ्याला दिवसाला अर्ध्या तासाचं कुलूप घातलं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सोमवारपासून दाजी अक्काचा फोन घेऊ लागले. अक्काला तिच्या भिशीच्या बायकांचे निरोप मिळेनात. चार दिवसांत तिनंच शेजारच्या पोराकडून दाजींच्या फोनमधलं कुलूप काढून घेतलं.

दुसरा उपाय माझा, आणि तो जास्त मूर्खपणाचा. मी म्हणालो, "दाजी, बातम्याच बंद करा. जगात जे व्हायचं ते होतं, तुम्ही बघून थांबणार आहे का?" दाजींनी माझ्याकडं बघितलं. उधारी बुडवून वर शहाणपण शिकवायला आलेल्या गिऱ्हाईकाकडं ते असंच बघत असणार. म्हणाले, "हे तू बोलतोयस? सव्वीस वर्षं बातम्या विकून?"

पण एवढं बोलून त्यांनी खरंच बंद केलं. दोन रात्री फोन कपाटात. तिसऱ्या रात्री एक वाजता अक्काला जाग आली तर दाजी अंथरुणात नाहीत, दाराची कडी काढलेली, छत्री नाही. ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गेले होते. बॅटरी घेऊन, चिखलातून, त्या वयात. पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे, ती बघायला. पाणी अजून पात्रातच होतं. बघितलं आणि परत आले.

अक्का सकाळी फोनवर माझ्यावर उखडली होती आणि ते रास्तच होतं. सगळं ऐकून झाल्यावर मी सहज विचारलं, आल्यावर काय केलं त्यांनी?

"काय करणार? पाय धुतले न् झोपले. सात वाजेपर्यंत घोरत होते."

माझं लक्ष तिथं अडकलं. मोबाईलवर चार तास पाण्याच्याच बातम्या बघून ज्या माणसाला झोप लागत नव्हती, तो पट्टी एकदा बघून घोरायला लागला.

२०१९

इथं मागं जायला पाहिजे. सांगलीतल्या माणसाला बातम्या बंद करा म्हणून सांगणं मूर्खपणाचं का, ते त्याशिवाय कळत नाही.

आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यापाशी मोजलेली कृष्णेची पातळी हा गावाचा ताप मोजायचा काटा आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. चाळिशीच्या आसपासच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडच्या लोकांना सामान उचलावं लागतं. पुढं फुटाफुटाला एकेक गल्ली. कुठल्या आकड्याला पाणी कोणाच्या दारात येतं, हे इथं माणसाला आपल्या चपलेच्या मापासारखं पाठ असतं. दाजींच्या घरी २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्याखालच्या शेवटच्या पायरीला लागून थांबलं होतं. ती पायरी दाजींचा धर्मग्रंथ झाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरली. शेजाऱ्यानं दार वाजवलं. दाजी म्हणाले, "पाच सालाला पायरीला टेकून परत गेलंय. आता काय वर येतंय?" आणि झोपले. पहाटे अक्कानं पलंगावरून पाय खाली सोडला तो पाण्यात. त्या वेळी पातळी ५७ फुटांच्या वर गेली. दोघं वरच्या खोलीत दीड दिवस होते. फोन पहिल्या दुपारीच बंद पडला. होडीनं बाहेर काढलं तेव्हा खाली अक्काचं शिलाई मशीन, दाजींच्या आईची ट्रंक आणि लग्नाचे फोटो गेलेले होते. फोटोंचं अक्का अजून बोलते. दाजी कधीच बोलत नाहीत.

२०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर गेलं, घरात वीतभर पाणी आलं, पण तेव्हा सामान आधीच वर नेलेलं होतं. नुकसान काही झालं नाही. दाजींनी त्यातून धडा घेतला तो असा: मी जागा होतो म्हणून वाचलो.

म्हणजे हा माणूस करमणूक म्हणून चाळत नव्हता. पहारा देत होता. एकदा झोपल्याची शिक्षा स्वतःला देत होता, आणि मोबाईलला काय, पहारेकरी आयताच मिळाला होता. पाण्याच्या पहाऱ्यावर बसवलेल्या माणसाला तो युद्धाच्या, विमानाच्या, पुलाच्या पहाऱ्यावरही बसवत होता. अहमदाबादच्या विमानाचा पहारा गावभागात बसून द्यायचा म्हणजे द्यायचा कसा?

रोजमेळ

मी दाजींना एकच गोष्ट मागितली. आठ दिवस रोजमेळ लिहा. फोन बातमीसाठी उघडला की वेळ, काय बघितलं ते 'जमा' बाजूला. ते कळल्यामुळं काय केलं ते 'नावे' बाजूला. काही केलं नसेल तर तिथं रेघ मारायची.

दिवाणजीला हिशेब लिही म्हटल्यावर तो नाही म्हणत नाही. लाल कापडी बांधणीची वही काढली. पहिल्या दिवशी ४३ नोंदी. त्यांत नावे बाजूला तीन ठिकाणी अक्षर, बाकी रेघा. तिन्ही नोंदी मी उतरवून घेतल्या होत्या. 'सकाळी ७.४०, पेपर, उद्या पाणीपुरवठा नाही: पिंप भरलं.' 'दुपारी १२.१५, कोयना पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक विसर्ग: कॅलेंडरवर लिहिलं.' 'संध्याकाळी ६, हळदीचा दर: जुन्या शेठना फोन केला.' रात्री दहानंतरच्या १९ नोंदी, सगळ्या रेघा.

पाचव्या दिवशी दाजींनी स्वतःच वही माझ्यापुढं सरकवली. "हे दुकान बुडीत आहे," म्हणाले.

मी त्यांना काही पटवून दिलं असं नाही. रेघांनी पटवलं. आणि एक चूक मी केली तीही सांगतो. मला वाटलं होतं, रेघ म्हणजे फुकट गेलेली बातमी. दाजींनी दुरुस्ती केली. पहलगामची बातमी वाचून करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती वाचायची नव्हती का? देशात काय झालं ते माणसाला कळायला नको का? बरोबर होतं त्यांचं. कळायला पाहिजे. प्रश्न एवढाच की ते एकदा कळायला पाहिजे की एकोणीसदा. त्याच बातमीच्या दुसऱ्या नोंदीपासून पुढं त्यांनी लाल शाईनं रेघा मारल्या. पहिली काळी.

पान सुटत नाही

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. रात्रपाळीत आमच्याकडं एक क्षण यायचा, साधारण साडेबारा-एकला, पान सुटायचं. शेवटचं पान छपाईला गेलं की त्यानंतर बातमी कितीही मोठी असो, उद्या. आम्ही कटिंग चहा प्यायचो आणि घरी जायचो. वाचकाचंही तसंच. शेवटचं पान आलं, राशिभविष्य वाचलं, पेपर घडी करून ठेवला. बातम्या संपायच्या. जग संपायचं नाही, पण बातम्या संपायच्या.

मोबाईलमधून ते शेवटचं पान काढून टाकलेलं आहे. हे आपोआप झालेलं नाही. बोट फिरवत राहिलं की खालून नवीन मजकूर येतच राहावा, ही अंतहीन स्क्रोलची रचना एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तरुणानं २००६ साली केली. नंतर त्यानं त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. दुसरी गंमत म्हणजे बोटानं पडदा खाली ओढला की ताजं काय ते येतं. विहिरीत पोहरा सोडून पाणी लागलंय का बघण्यातला प्रकार. दहादा रिकामा येतो, अकराव्यांदा जड लागतो, आणि त्या अकराव्यासाठी माणूस दोर सोडत नाही.

त्यात वाईट बातमीला गिऱ्हाईक जास्त. २०२३ साली 'नेचर ह्युमन बिहेव्हिअर' या नियतकालिकात एक अभ्यास आला, एका अमेरिकन संकेतस्थळानं मथळ्यांच्या केलेल्या हजारो चाचण्यांवरचा. साधारण लांबीच्या मथळ्यात नकारात्मक शब्द एकानं वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, लाज वाटली. 'सांगलीवर पुन्हा महापुराचं सावट' हा मथळा मी स्वतः किती वेळा दिलाय ते मोजलं नाही तेच बरं. पाणी पंचवीस फुटांवर असतानासुद्धा. सावट पडायला काही लागत नाही, ढग पुरतो.

दाजींना त्यामुळं मी मथळा सोलायला शिकवलं, हे माझं एकच खरं योगदान. 'सावट', 'टांगती तलवार', 'धडकी', 'प्रशासन सतर्क' म्हणजे अजून काही झालेलं नाही. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. 'सूत्रांनुसार' असेल तर उद्यापर्यंत थांबायला हरकत नाही. क्रियापद भूतकाळी आहे का, आकडा आहे का, तो कोणी दिला, कधी दिला. चार प्रश्न. दाजींनी त्यात पाचवा घातला: "हा आकडा कुठल्या सालचा?"

बोस्टनचा अभ्यास त्यांना मुद्दाम वाचून दाखवला. २०१३ साली तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्या बातम्या बघणाऱ्यांनी जो तीव्र ताण सांगितला, तो प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्या लोकांनी सांगितलेल्या ताणापेक्षाही जास्त निघाला. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाण्यात असताना मला भीती नव्हती रे. खरंच नव्हती. नंतर व्हिडिओ बघितले तेव्हा वाटली."

नदी पायी येते

मांडणी पुलावरच्या त्या रात्रीवरून केली. पट्टी बघून झोप लागली, कारण पट्टीवर एक आकडा असतो आणि तो बघून झाला की बघायचं काही उरत नाही. मग घरालाही पट्टीच पाहिजे.

पाण्याचं वेळापत्रक कोयनेपासून सुरू होतं. धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं, बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीला यायला दिवसभराचा तरी वेळ घेतं. खाली हरिपूरला वारणा मिळते, तिचा फुगवटा निराळा. जलसंपदा विभागाच्या रोजच्या पत्रकात या सगळ्या पुलांची पातळी आणि धरणांचा विसर्ग ओळीनं दिलेला असतो. भिलवडीचा आकडा ज्याला वाचता येतो त्याला उद्याची सांगली आज दिसते. दर दोन मिनिटांनी फोन बघून त्यात काही भर पडत नाही. हे मी सांगत होतो तर दाजी म्हणाले, "म्हणजे नदी पायी येते, आणि मी तिला बघायला विमानानं जाऊन बसतोय."

ठरलं ते असं. आयर्विनला २५ फुटांच्या आत असेपर्यंत दिवसातून एकदा, सकाळी. पंचवीसच्या वर सकाळ-संध्याकाळ. ३५ च्या वर दर तीन तासांनी, पण दिवसाच. आकडा एकाच ठिकाणी लिहायचा, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात. आकड्यापुढं काम: ३५ ला कागदपत्रांची पिशवी खुंटीवर आणि औषधं पंधरा दिवसांची. ४० ला मिक्सर, टीव्ही, गाद्या वर. ४३ ला सिलिंडर आणि स्कूटर विश्रामबागला माझ्याकडं. ४५ ला माणसं विश्रामबागला, वाद घालायचा नाही. त्यांच्या घरात पाणी चोपन्नच्या आसपास शिरतं, म्हणजे नऊ फुटांची सवड. दाजींना पन्नासला निघायचं होतं. अक्का म्हणाली पंचेचाळीस. पंचेचाळीस झालं.

रात्रीचा प्रश्न यानं सुटत नव्हता. दाजी झोपणार तर जागं कोण? इथं अक्कानं गल्लीतल्या चार घरांना बोलावलं. ३५ च्या वर गेलं की रात्रीची पाळी, एका रात्री एक घर. पाळीवाल्यानं बघायचं आणि आकडा ठरल्यापेक्षा वर गेला तर फोन करायचा. निरोप टाकायचा नाही, फोनच. फोन वाजला नाही म्हणजे झोपायचं. मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही. दाजी सहा वर्षं एकटेच पाळी करत होते. त्यांना कोणी सोडवायला आलंच नव्हतं.

बाकीच्या जगासाठी सकाळी चहाबरोबर पेपर, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, संपादकीयासकट. संध्याकाळी एकदा बातमीपत्र, टीव्ही नाहीतर आकाशवाणी, आणि ते संपलं की बंद. चर्चा नाही. मोबाईल रात्री नऊला स्वयंपाकघरात, आवाज चालू, म्हणजे पाळीवाल्याचा फोन आला तर ऐकू येईल. व्हॉट्सअॅपचे सात गट मूक केले. दोन बाण असलेला, पुष्कळांनी फिरवलेला निरोप पुढं धाडायचा नाही. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसं मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवायची मर्यादा आणली. दाजींना ते प्रकरण माहीत होतं, आणि त्यांच्या सात गटांत त्यांच्यामुळं काय काय फिरलं असेल ते त्यांनी मनात मोजलेलं दिसलं.

डॉक्टरांकडंही नेलं. झोप पंधरा-पंधरा दिवस उडालेली असेल तर ती वही लिहून परत येईलच असं नाही, हे मी लिहून ठेवतो. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, बाकी काही दिलं नाही. गरज पडली असती तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मी कालनिर्णयच्या पाठीमागं लिहून ठेवला होता. अजून आहे.

ऑगस्ट

जुलै बरा गेला. चौकोनात आकडे चढत-उतरत राहिले, पेपर संपत राहिला. दोनदा दाजी रात्री फोन घेताना सापडले. एकदा म्हणाले, वेळ बघत होतो. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे.

खरी परीक्षा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, गणपती आठवड्यावर आलेले असताना. कोयनेचे दरवाजे उचलले गेले आणि सांगलीत नदी चढायला लागली. ३५ ला पिशवी खुंटीवर गेली. पाळी सुरू झाली. ४० ओलांडलं त्या दिवशी मी तिथंच होतो, गाद्या उचलायला. खाली गल्लीत मूर्ती बसवायच्या मांडवाचे बांबू भिजत पडले होते.

त्या रात्री साडेबाराला दाजींच्या एका मित्राचा फोन. "कोयना गेली म्हणे, बघितलंस का?" सोबत व्हिडिओ पाठवलेला, सांडव्यावरून पाण्याचा लोंढा, मागं कोणीतरी ओरडतंय. कोयना हा शब्द या भागात नुसता उच्चारला तरी जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्यांनी अनुभवलेला आहे. दाजी अंथरुणात उठून बसले. हात फोनकडं. मी काही बोललो नाही. अक्कापण नाही.

दाजींनी व्हिडिओ उघडला, संपूर्ण बघितला, आणि म्हणाले, "कुठल्या सालचा?" मग पाळीवाल्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आकडा एकेचाळीसला थांबलाय काका. झोपा." दाजींनी मित्राला परत फोन केला आणि जवळजवळ खेकसले, "अरे, धरण फुटलं असतं तर भोंगे वाजले असते, तुझा मोबाईल नसता वाजला." व्हिडिओ जुन्या पुरातला निघाला. पण ते झोपले असं मी लिहिणार नाही. तीन वाजता मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात अंधारात बसले होते. फोन ओट्यावर, पालथा. हात गुडघ्यावर.

"बघितला नाही," म्हणाले. "नुसता बसलोय."

मी चहा टाकला. ते पहिल्यांदाच त्या फोटोंबद्दल बोलले. आईचा एकच फोटो होता, हळदकुंकवाच्या ताटासह, हरिपूरच्या यात्रेतला. बराच वेळ बोलत होते. साडेचारला झोपले.

सकाळी अक्कानं चौकोनात आकडा लिहिला, दाजींच्या आधी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की २०१९ पासून तिनं पाण्याची बातमी स्वतः कधी बघितलीच नव्हती. दाजी बघतात म्हणून ती बघत नव्हती. घरात एक जण चोवीस तास बघणार आणि दुसरी अजिबात नाही, ही वाटणी सहा वर्षं चालली होती आणि त्रास फक्त दाजींचा मोजला जात होता. त्या सकाळनंतर भिलवडीचा आकडा अक्का बघते. दाजींना तो तिच्याकडून विचारून घ्यावा लागतो, आणि ती कधीकधी मुद्दाम भाजी चिरून होईपर्यंत सांगत नाही.

पाणी पंचेचाळीसच्या आतच थांबलं आणि उतरलं. विश्रामबागला यायची वेळ आली नाही. सिलिंडर आणि स्कूटर मात्र आठ दिवस माझ्या पोर्चमध्ये होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सप्टेंबरात भाच्याशी भांडण झालं त्या आठवड्यात दाजी पुन्हा रात्रभर चाळत होते, पाण्याचा काही संबंध नसताना. सातांपैकी दोन गटांचा आवाज परत चालू झालाय. पेपरातले गुन्ह्यांचे रकाने ते आधी वाचतात आणि अक्काला वाचून दाखवतात, ती नको म्हणते तरी. लाल वही आता आठवड्यातून एकदा लिहितात, कधी तेही नाही.

दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा दाजी कालनिर्णयसमोर पेन घेऊन उभे होते. नदी पार खाली गेलेली, आकडे आठवडाभर जवळपास तेच.

"आता ह्या चौकोनात काय लिहू?" त्यांनी विचारलं.

अक्का आतून म्हणाली, "दुधाचा हिशेब लिहा. कालपासून अर्धा लिटर जास्त घेतलंय."